काना, वेलांटी आणि कंट्रोल-सी

रत्नागिरीतल्या वकिलाचे कार्यालय असो, ग्रामपंचायत असो की मुंबईतला प्रकाशक, मराठी मजकूर एका फायलीतून उचलून दुसरीत टाकायचा म्हटले की काम करणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. इंग्रजी परिच्छेद कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही या दोन दाबांत जसाच्या तसा येतो. मराठीच्या नशिबी मात्र कधी रोमन अक्षरांचा कचरा येतो, कधी रिकामे चौकोन, कधी प्रश्नचिन्हांची लांबच लांब रांग. वैतागलेला माणूस तीच बटणे पुन्हा दाबतो, मग संगणकाला दोष देतो, मग व्हायरसला, आणि शेवटी सगळा मजकूर नव्याने टाइप करायला बसतो. या रोजच्या वैतागाचे कारण त्या कळांत शोधून सापडणार नाही. कळा आपले काम चोख करत होत्या. त्यांना उचलायला मराठी अक्षर दिलेलेच नव्हते. संगणकात कित्येक वर्षे अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे तुकडे साठवले गेले. ही सवय संगणकाने लावलेली नाही. ती छापखान्यातून आली आणि टंकलेखन यंत्रावर पक्की झाली. तिच्यावर उपाय शोधण्याच्या खटपटीतला एक ठळक अध्याय रत्नागिरीतच लिहिला गेला.

छापखान्यापासून सुरुवात केली पाहिजे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी टायपाला जे रूप दिले, ते देशभर वाखाणले गेले. त्या देखणेपणाची किंमत जुळारी मोजत होता. इंग्रजीच्या जुळाऱ्यासमोर मोजक्या खणांची केस असे. मराठी जुळाऱ्याला मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, उभी जोडाक्षरे, मात्रा, उकार, रफार असे शेकडो खिळे सांभाळावे लागत. एकेका अक्षरासाठी वर-खाली तुकडे रचायचे, मात्रा झिजली की बदलायची, पुन्हा सगळे सोडवून आपापल्या खणात टाकायचे. बापूराव नाईक यांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या १९७१ साली भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कारागिरीचा तपशील वाचायला मिळतो, आणि तो वाचताना मराठी वृत्तपत्र रोज वेळेवर निघत होते याचेच आश्चर्य वाटते. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी 'केसरी' चालवताना टाइपांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले, ते हौसेखातर नव्हे. अंकागणिक भेडसावणारी ती धंद्याची अडचण होती.

हा प्रश्न चळवळीच्या पातळीवर नेला सावरकरांनी. जानेवारी १९२४ मध्ये त्यांची तुरुंगातून सुटका झाली, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारण करायचे नाही या अटींवर. १९३७ च्या मेपर्यंत ते या बंधनांत होते. त्या तेरा वर्षांत पतितपावन मंदिर आणि सहभोजने यांच्याइतक्याच हिरीरीने त्यांनी नागरी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. सूचना अगदी व्यवहारी होत्या. इ, ई, उ, ऊ, ए यांचे स्वतंत्र खिळे कशाला? 'अ'लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा द्या, म्हणजे अि, अी, अु, अू, अे. जोडाक्षरे एकाखाली एक न रचता शेजारी शेजारी मांडा. शंकरराव किर्लोस्करांच्या 'किर्लोस्कर' मासिकाने ही 'अ'ची बाराखडी उचलली आणि अनेक वर्षे चालवली. गंमत म्हणजे काका कालेलकरांच्या आग्रहामुळे गांधीजींच्या नवजीवन प्रकाशनातही तीच बाराखडी छापली जात होती. ज्यांचे दुसऱ्या कशावरही एकमत होणे कठीण, ते खिळ्यांच्या हिशेबावर एक झाले, इतका तो हिशेब सर्वांना जाचत होता. या सगळ्या सुधारणांमागे एक गृहीत होते: यंत्राला लिपी पेलत नसेल तर लिपीने थोडे वाकावे. त्या काळच्या यंत्रांकडे पाहिले तर ते गृहीत चुकीचे म्हणता येणार नाही.

लिपी वाकली नाही. तिला वेगळ्या तऱ्हेने मोडून यंत्रात बसवले ते टंकलेखन यंत्राने. पंचेचाळीसच्या आसपास कळा, शिफ्ट धरून नव्वदेक चिन्हे, एवढ्यात मराठी मावली पाहिजे होती. रेमिंग्टनच्या नागरी कळफलकाने काढलेली युक्ती हुशार होती. ख, घ, थ, ध, भ, श यांसारख्या अक्षरांचा उजवीकडचा दंड आणि काना दिसायला सारखेच. मग या अक्षरांचे फक्त अर्धे रूप कळेवर ठेवायचे आणि पूर्ण अक्षर हवे असेल तेव्हा पुढे काना ठोकायचा. म्हणजे 'भारत' टंकायचा तर अर्धा भ, काना, पुन्हा काना, र, त. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी ठोकायची. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून अक्षरानंतर. बोलताना 'सर्व' या शब्दात र् आधी येतो आणि व नंतर, पण टंकलेखकाची बोटे स, व, रफार या क्रमाने चालत. कागदावर उमटले की कुणाला काय कळणार? आणि कागद हाच तर शेवटचा मुक्काम होता.

संयुक्त महाराष्ट्र झाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, सरकारी कारभार मराठीत चालवायचा ठरला, तशी या यंत्रांची मागणी वाढली. गोदरेजने १९५५ सालीच भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र बाजारात आणले होते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी टायपिंगच्या संस्था निघाल्या. मराठीत मिनिटाला ३० शब्द हे प्रमाणपत्र म्हणजे कारकुनीचे दार, आणि ज्या रत्नागिरी जिल्ह्यात घरटी एक माणूस नोकरीसाठी मुंबईला जायचा तिथे त्या दाराचे मोल काही निराळेच. हजारो बोटांना रेमिंग्टनची वळणे इतकी मुरली की पुढे यंत्र बदलले तरी बोटे बदलली नाहीत. या गोष्टीचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला मजकूर कापून चिकटवण्याची कल्पना पडद्यावर येत होती. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५ मध्ये जिप्सी नावाचा लेखनप्रोग्राम केला. छापखान्यातले कात्री-डिंकाचे काम त्यांनी पडद्यावरच्या तीन आज्ञांत बसवले. कात्री-डिंक आपल्याकडेही अपरिचित नव्हते. ऐंशीच्या दशकात मराठी दैनिकांत ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानावर डकवणारा पेस्टिंगचा विभाग होताच. अॅपलने १९८३ मध्ये लिसा संगणकावर कळफलकाच्या खालच्या रांगेतल्या झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा पूर्ववत, काप, नक्कल आणि चिकटव या कामांना दिल्या. विंडोजने त्या १९९२ च्या ३.१ या आवृत्तीपासून रुळवल्या. मधल्या काळात गोंधळ होताच. डॉसमध्ये कंट्रोल-सी दाबले की चालू असलेला प्रोग्राम थांबे, आणि संगणक वर्गांत घोटून घेतलेल्या वर्डस्टारमध्ये त्याच कळांनी पडदा पुढे सरके. तिथे मजकुराची नक्कल हवी तर कंट्रोल-के आणि मग सी. रेमिंग्टनच्या सवयीच्या माणसाला तर या कळांवर ब आणि अ दिसत असत, कारण सी म्हणजे ब आणि व्ही म्हणजे अ. पण ही सवयीची कटकट, आठवडाभरात सुटणारी. खरी अडचण कळेखाली, साठवणीत होती.

आणि इथेच या इतिहासातली सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट येते. भारतीय लिपी संगणकात कशी साठवावी याचे योग्य उत्तर भारतीय अभियंत्यांनी फार लवकर शोधले होते. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या कामातून ही दृष्टी आली: संगणकाने अक्षराचा आकार लक्षात ठेवायचा नाही, फक्त अक्षर लक्षात ठेवायचे. आधी व्यंजन, मग स्वर, जसे उच्चारतो तसे. वेलांटी डावीकडे काढायची, रफार डोक्यावर चढवायचा, जोडाक्षर जुळवायचे, हे सगळे दाखवणाऱ्या यंत्रणेने करावे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक केंद्र सुरू झाले, तांबे तिथे गेले आणि जिस्ट नावाचे कार्ड तयार झाले. ते संगणकात खोचले की डॉसवरच्या वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही मराठी लिहिता येई. अक्षरे साठवण्याच्या या पद्धतीला इस्की म्हणतात. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. तिच्या जोडीला इन्स्क्रिप्ट हा वर्णमालेच्या तर्कावर बेतलेला कळफलक होता: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. सावरकरांच्या पिढीने लिपीला यंत्रासाठी वाकायला सांगितले होते. कानपूर-पुण्याच्या मंडळींनी यंत्राला लिपीचे व्याकरण शिकवले.

मग घोडे अडले कुठे? बाजारात. नव्वदच्या दशकात विंडोज आली, पाने जुळवणारा पेजमेकर आला, लेझर प्रिंटर आला आणि गावोगावी डीटीपीची दुकाने उघडली. विंडोजला देवनागरीचे व्याकरण येत नव्हते, आणि कार्ड खोचण्याचे दिवस संपत आले होते. तेव्हा सोपा मार्ग असा निघाला की इंग्रजी फॉन्टच्या खोक्यात मराठी तुकडे भरायचे. एका फॉन्टमध्ये २५६ जागा. संगणकाला वाटायचे आपण इंग्रजी जे अक्षर साठवतो आहोत, पडद्यावर मात्र तिथे र दिसायचा. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे स्वतःचे सुरेख, हिंदी पट्ट्यातून आलेला कृतिदेव, सगळ्यांची जातकुळी हीच. पण कुठल्या जागेवर कुठला तुकडा ठेवायचा हे प्रत्येकाने आपापले ठरवले. कृतिदेवमध्ये 'मराठी' या शब्दाच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे असतात. 'रत्नागिरी'च्या पोटात आठ: जे, मोठा आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच. त्यातला एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि ती एक्स म्हणजे ग याच्या आधी आहे, कारण रेमिंग्टनवर ती आधी ठोकत असत. 'भारत' शोधायचा तर मोठा एच, के, के, जे, आर शोधायचे, म्हणजे अर्धा भ आणि दोन काने. टंकलेखन यंत्राची सगळी मोडतोड जशीच्या तशी संगणकात उतरली होती.

हे ध्यानात आले की कंट्रोल-व्हीचे विक्षिप्त वागणे समजते. नक्कल करताना संगणक अक्षरांचे क्रमांक उचलतो, आणि जमल्यास सोबत फॉन्टचे नाव. पलीकडच्या संगणकावर तोच फॉन्ट असेल तर मजकूर नीट दिसतो आणि माणसाला वाटते, काल तर चालले होते. फॉन्ट नसेल, किंवा मजकूर ईमेलच्या साध्या चौकटीत टाकला असेल, तर फॉन्टचे नाव गळते आणि उरतात नुसती रोमन अक्षरे. वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर 'फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची ती यामुळेच. आणि तो उतरवून वाचलेली बातमीही दुसरीकडे नेता येत नसे, की शोधून सापडत नसे.

मग हा सगळा फॉन्ट विकणाऱ्यांचा अपराध का? तसे म्हणणे सोपे आहे, आणि बरेचदा म्हटलेही जाते. पण १९९३ साली लग्नपत्रिका, दिवाळी अंक किंवा निवडणुकीचे पत्रक छापून हवे असलेल्या माणसाला साठवणीच्या शुद्धतेशी काय देणेघेणे? त्याला कागद हवा होता, आणि तो या फॉन्टांनी सुबक, स्वस्त आणि वेळेवर दिला. त्यांच्याशिवाय मराठी प्रकाशनाचा तो बहराचा काळ आलाच नसता. दोष द्यायचाच तर मानक कागदावर ठेवून खरेदीच्या वेळी ते विसरणाऱ्या सरकारी व्यवस्थेला द्यावा लागेल. मानक करणारी संस्था सरकारी, आणि स्वतःच्या कचेऱ्यांत दर खात्याला वेगळा फॉन्ट घेऊ देणारेही सरकारच. सी-डॅकलाही विंडोजवर येताना आकारांच्या क्रमांकांची निराळी यादी करावी लागली, आणि वर्डच्या फायलींत प्रत्यक्षात तीच साठत राहिली.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. लिपिशुद्धीचे ऐकले असते, खिळे कमी केले असते, तर हा घोळ झालाच नसता, असे म्हणणारे आजही भेटतात. खिळे कमी झाल्याने टंकलेखन सोपे झाले असते यात शंका नाही, आणि २५६ जागांतली दाटीही कमी झाली असती. पण नक्कल बिघडण्याचे कारण तुकड्यांची संख्या नव्हते. दोन कंपन्यांनी तुकड्यांना दोन वेगळे क्रमांक दिले होते, हे होते. 'अ'ची बाराखडी असती तरी एका फॉन्टमधला 'अी' दुसऱ्यात भलताच काहीतरी झाला असता. सुधारकांनी ओळखलेली अडचण खरी होती, पण ती दाखवण्याच्या आणि छापण्याच्या बाजूची. साठवणीचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नव्हता, कारण शिशाचा खिळा हाच अक्षर आणि हाच आकार होता. संगणकाने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि मूळ लिपी पूर्ण ठेवूनही काम भागू लागले.

भागू लागले ते युनिकोडमुळे, म्हणजे जगातल्या लिपींच्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकामुळे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. म्हणजे कानपूर-पुण्याचे काम जगाला वळसा घालून विंडोज २००० मध्ये घरी परतले. त्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला. आता क म्हणजे क, मग फॉन्ट कोणताही असो. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेचा अद्ययावत निर्णय काढला. तरीही छपाईचा धंदा जागचा हलेना, आणि त्याला कारण होते. पेजमेकरला युनिकोड मराठी कधीच आले नाही. वर्डमधला युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे होत. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची रीतसर सोय आली ती २०१२ च्या सीएस ६ पासून. तोवर लेखक युनिकोडमध्ये लिही, मुद्रक त्याचे जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करी, आणि रूपांतरात वेलांट्या सरकत, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे, मधेच आलेल्या इंग्रजी शब्दाचे अगम्य मराठी होई. त्या दशकातल्या पुस्तकांत काही विचित्र चुका दिसतात, त्यांचे मूळ मुद्रितशोधकाच्या डुलकीत नाही, तर इथे आहे.

जुन्या फॉन्टांचे राज्य खऱ्या अर्थाने संपवले ते मोबाइलने. फोनवर दुसरा फॉन्ट टाकायची सोयच नव्हती, त्यामुळे तिथे लिहिलेली मराठी पहिल्यापासून युनिकोडच. शासकीय परिपत्रकांना दहा वर्षांत जमले नाही ते व्हॉट्सअॅपच्या गटांनी दोन-तीन वर्षांत करून दाखवले. मराठी मजकूर पहिल्यांदाच निर्वेध वाहू लागला, आणि त्याबरोबर एक नवे दुखणे आले. कविता, लेख, पाककृती यांखालचे लेखकाचे नाव चिकटवताना गळू लागले, किंवा एखाद्या अधिक प्रसिद्ध लेखकाचे नाव आपोआप येऊन बसू लागले. नक्कल होत नव्हती तेव्हा चोरीही होत नव्हती. हा फायदा होता असे मात्र म्हणवत नाही.

अडचणी सगळ्या सरल्या आहेत असेही नाही. 'किनाऱ्यावर' या शब्दातला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून, एकदा टिंबाचा ऱ वापरून. डोळ्याला दोन्ही एकच, पण शोधयंत्राला वेगळे शब्द वाटू शकतात. इंग्रजी शब्दांसाठी लागणारा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि वर चंद्र असा दोन चिन्हांचा आहे, आणि आजही दोन्ही तऱ्हा सर्रास सापडतात. टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर होते, पण बोटांखाली रेमिंग्टनची मांडणी कायम आहे. वेलांटी आधी दाबली जाते, मधला प्रोग्राम ती धरून ठेवतो, अक्षर आले की त्याच्यामागे नेऊन साठवतो, आणि पडद्यावर पुन्हा पुढे दाखवतो. राहता राहिली पीडीएफ. कागदासारखी दिसण्यासाठीच जन्मलेल्या या फायलीत आकारांनाच पहिले स्थान आहे, म्हणून वाचताना निर्दोष दिसणाऱ्या शासन निर्णयातून एक परिच्छेद उचलला की वेलांट्या विखुरतात आणि जोडाक्षरे फुटतात. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागण्याची तरतूद आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत अर्ज करताना पीडीएफसोबत मूळ युनिकोड फाइलही मागितलेली बरी.